घर रंगवताना: हिरवा की ऑफव्हाइट?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच जोडी सारखी भेटली: हिरवा आणि ऑफव्हाइट. बहुतेकांनी हिरवा म्हणजे धाडस आणि ऑफव्हाइट म्हणजे निर्धास्त, असं आधीच धरून प्रश्न विचारलाय. आम्हाला ते पटत नाही. ऑफव्हाइट हाही रंगच आहे. त्यालाही झाक असते आणि तोही फसतो. हिरवा फसला तर पहिल्या हातातच कळतं, ऑफव्हाइट फसल्याचं मात्र सामान लागल्यावर लक्षात येतं. म्हणून खालच्या उत्तरांत दोन्ही रंग एकाच मापाने मोजले आहेत.

प्रश्न: हॉल १२ बाय १५ फुटांचा आहे. खिडकी एकच, आणि तिच्यातून थेट ऊन कधीच येत नाही. मध्यम शेवाळी हिरवा द्यायचा की ऑफव्हाइट, यावर घरात एकमत होत नाही. हिरव्याने खोली अंधारी होईल का?

होईल, आणि किती होईल याचा अंदाज डबा आणण्याआधीच बांधता येतो. शेडकार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा शेडपुढे एल.आर.व्ही. म्हणून एक आकडा दिलेला असतो. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी साधारण किती टक्के उजेड ती शेड परत फेकते, तो हा आकडा. ऑफव्हाइट शेड बहुधा ७० ते ८५ मध्ये असतात. फिका पिस्ता ६० ते ७० च्या आसपास, मध्यम शेवाळी ३५ ते ५० आणि बाटलीसारखा गडद हिरवा १० च्या आतबाहेर.

आता हे आकडे खोलीत कसे काम करतात ते बघा. खिडकीतून आलेला उजेड एका भिंतीवर आपटून संपत नाही, तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून छताकडे, असा फिरत राहतो. ८० च्या ऑफव्हाइटवर १०० भाग उजेड पडला तर पहिल्या फेरीत ८० उरतो, दुसरीत ६४, तिसरीत ५१. ४० च्या हिरव्यावर हाच हिशेब ४०, १६ आणि ६ असा होतो. खिडकीजवळ बसलात तर फरक फारसा जाणवणार नाही, कारण तिथे थेट उजेड पोचतो. खिडकीपासून लांबचा कोपरा मात्र या फिरत्या उजेडावरच जगतो, आणि तोच हिरव्यात बुडतो.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. हिरव्या भिंतीवरून परतणारा उजेड पांढरा राहत नाही, त्यातला तांबडा आणि निळा भाग भिंत गिळते. मग हा हिरवट उजेड समोरच्या हिरव्या भिंतीवर पडला की ती आणखी हिरवी दिसते. चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की शेड कार्डावरच्या चौकोनापेक्षा नेहमी तीव्र वाटते, कोपऱ्यांत तर जास्तच. म्हणून हिरवा निवडताना जो आवडला त्याच्यापेक्षा एक पायरी फिका आणि एक पायरी करडा घ्यावा. कार्डावर जरा मळकट वाटणारा हिरवा भिंतीवर देखणा निघतो. कार्डावर ताजा पोपटी वाटणारा चार भिंतींवर डोळ्यांना सोसत नाही.

तुमच्या हॉलसाठी आमचं स्पष्ट मत: चारही भिंती मध्यम हिरव्या करू नका. हिरवा हवाच असेल तर एल.आर.व्ही. ५५ च्या वरचा, पिवळ्याकडे झुकणारा करडट हिरवा घ्या. किंवा एकच भिंत हिरवी आणि तीन ऑफव्हाइट. त्यात कोणती भिंत हे महत्त्वाचं. खिडकीची भिंत नको, कारण तिच्यावर खोलीतला सर्वात कमी उजेड पडतो आणि ती गडद झाली की खिडकीचा चकचकाट डोळ्यात जास्त घुसतो. खिडकीसमोरची भिंत खोलीला उजेड परत देते, तीही फिकी राहू द्या. राहिल्या बाजूच्या दोन. त्यांच्यापैकी एक हिरवी करा. एक सावधगिरी: बाजूच्या भिंतीवर खिडकीचा उजेड तिरका घासत जातो, त्यामुळे पुट्टीचे उंचवटे उठून दिसतात. तिथे फिनिश मॅटच ठेवा, चमकदार नको.

थेट ऊन न येणाऱ्या खोलीत आभाळाचा उजेड येतो आणि तो निळसर असतो. अशा ठिकाणी करड्या झाकेचा ऑफव्हाइट राखेसारखा मेलेला दिसतो. थोडी पिवळी झाक असलेला घ्या, निळसर उजेडात तो समतोल होतो.

प्रश्न: कार्डावर दुधी दिसणारा ऑफव्हाइट लावला. आता भिंत गुलाबी दिसते. दुकानातून चुकीची शेड आली का?

बहुधा शेड बरोबर आहे, झाक आधी दिसली नव्हती. ऑफव्हाइट बनतो तो पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे शेड मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, चिमूटभर रंग घालून: पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड, काळा. तांबड्याचा थोडा भाग असला की झाक गुलाबी, पिवळा आणि काळा मिळून आले की हिरवट. एक इंच चौकोनात ती दिसत नाही. ५०० चौरस फुटांवर दिसते.

त्यात खोलीतलं सामान भर घालतं. तांबूस लाकडी फरशी किंवा विटकरी टाइल असेल तर फरशीवर आपटलेला उजेड भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला गुलाबी करतो. खिडकीबाहेर दाट झाड असेल तर तोच ऑफव्हाइट दुपारी हिरवट दिसतो. तुमच्याकडे काय चाललंय हे तपासायला सोपी युक्ती आहे. फरशीवर पांढरी चादर अंथरा आणि भिंतीकडे बघा. गुलाबीपणा कमी झाला तर दोष फरशीच्या उजेडाचा. तसाच राहिला तर शेडमध्येच तांबडा आहे.

पुढच्या वेळी झाक ओळखायला शेडकार्ड प्रिंटरच्या कोऱ्या कागदावर ठेवून बघा. तो कागद किंचित निळसर पांढरा असतो, त्यामुळे त्याच्या शेजारी पिवळी, गुलाबी, हिरवी कुठलीही झाक लगेच उघडी पडते. चार-पाच ऑफव्हाइट शेजारीशेजारी ठेवले तर आणखी स्पष्ट दिसतं. एकट्याने बघितलेला ऑफव्हाइट नेहमी पांढराच वाटतो.

कार्डावर एन.सी.एस. (नॅचरल कलर सिस्टीम, रंगांना कोड देण्याची एक पद्धत) पद्धतीचा कोड असेल तर झाक वाचताही येते. ‘एस ०५०२-वाय’ म्हणजे काळेपणा ५, रंगाची तीव्रता २ आणि झाक शुद्ध पिवळी. शेवटी ‘वाय५०आर’ असेल तर पिवळ्यात निम्मा तांबडा, म्हणजे भिंतीवर गुलाबी-पीच येणार हे धरून चाला. हिरव्याचंही तसंच: ‘एस ३०१०-जी३०वाय’ म्हणजे काळेपणा ३०, तीव्रता १०, आणि पिवळ्याकडे ३० टक्के झुकलेला हिरवा. घरातल्या भिंतीसाठी हिरव्याचा तीव्रतेचा आकडा २० च्या पुढे गेला की आम्ही दोनदा विचार करायला सांगतो.

आणखी एक. छत, स्विचबोर्ड, खिडकीच्या चौकटी आणि टाइल्स शुभ्र पांढऱ्या असतील तर शेजारचा ऑफव्हाइट मळलेला दिसतो. हा रंगाचा दोष नाही, शेजाऱ्याचा आहे. छताला तोच ऑफव्हाइट अर्ध्या तीव्रतेने करून घ्या, फरक मिटतो. हिरव्याला ही अडचण नाही, शुभ्र पांढऱ्याशेजारी हिरवा उलट स्वच्छ दिसतो.

प्रश्न: नमुना लावून बघा असं सगळे सांगतात. नेमका कसा?

भिंतीवर थेट ठिपके मारू नका. जुन्या रंगावर मारलेला ठिपका जुन्या रंगाच्या शेजारामुळे वेगळा दिसतो. जुनी भिंत पिवळी असेल तर नवा ऑफव्हाइट निळसर वाटतो आणि जुनी गुलाबी असेल तर नवा हिरवा प्रखर.

दोन फूट बाय दोन फुटांचा जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लायचा तुकडा घ्या. प्रायमरचा एक हात, वाळला की नमुन्याच्या रंगाचे दोन पूर्ण हात, कडेपर्यंत. पांढरी किनार सोडू नका. हिरव्याचा एक आणि ऑफव्हाइटचा एक, असे निदान दोन तुकडे तयार करा, पुढे त्यांनाच फळा म्हटलंय. पहिल्या दिवशी मत बनवू नका. इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) ओलं असताना दुधाळ असतं, कारण त्यातले राळेचे, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे, थेंब उजेड विखुरतात. वाळलं की ते पारदर्शक होतात आणि शेड एक छटा गडद होते. हिरव्यात हा फरक चांगलाच जाणवतो, ऑफव्हाइटमध्ये जवळजवळ नाही.

मग फळा उभा ठेवा. टेबलावर आडवा ठेवून बघितलेली शेड भिंतीपेक्षा उजळ दिसते, कारण आडव्या पृष्ठभागावर वरून जास्त उजेड पडतो. खिडकीशेजारी, खिडकीसमोर आणि सर्वात अंधाऱ्या कोपऱ्यात, तिन्ही ठिकाणी सकाळी, भर दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. सोफ्याची पाठ किंवा पडदा फळ्याला टेकवून बघा. हे सगळं दोन दिवसांत होतं. फोनवर फोटो काढून घरच्यांना विचारू नका. कॅमेरा पांढरा रंग स्वतःच्या हिशेबाने दुरुस्त करतो आणि ऑफव्हाइटची झाक नेमकी तिथेच पुसली जाते.

प्रश्न: दिवसा सुंदर दिसणारा हिरवा रात्री मेंदीसारखा पिवळट होतो. पडद्याशी जुळवून घेतला होता, रात्री तेही जुळत नाही.

दोन्हींचं कारण दिवा. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात. २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात निळा भाग कमी असतो, म्हणून हिरवा मेंदीकडे आणि ऑफव्हाइट सायीकडे सरकतो. ६५०० च्या पांढऱ्या दिव्यात उलट होतं: हिरवा निळसर आणि पिवळ्या झाकेचा ऑफव्हाइट फिक्कट, आजारी. पडद्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. कापडातला हिरवा आणि भिंतीतला हिरवा निरनिराळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात. एका उजेडात ते डोळ्याला सारखे वाटतात, उजेड बदलला की वेगळे होतात. यावर रंग बदलणं हा उपाय नाही, दिवा बदला. ४००० केल्विनच्या आसपासचा आणि खोक्यावर सी.आर.आय. (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला दिवा लावा. आणि कापडाशी हुबेहूब जुळवायचा हट्ट सोडून दोन पायऱ्या फिका किंवा गडद घ्या. मग जुळलं नाही असं कोणाला वाटणारच नाही.

प्रश्न: गडद हिरव्याचे तीन हात मारले तरी भिंत ढगाळ दिसते, कुठे फिकी कुठे गडद. शेजारच्या खोलीत ऑफव्हाइट दोन हातांत भरला. असं का?

कारण डब्यातच आहे. पांढऱ्या आणि फिक्या शेडच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतो. उजेड वाकवायची त्याची ताकद राळेच्या मानाने फार मोठी: रुटाइल जातीचा अपवर्तनांक साधारण २.७, राळेचा दीडच्या आसपास. या फरकामुळे तो खालची भिंत झाकतो. गडद शेड मात्र पांढरा घालून बनवताच येत नाही, म्हणून मशीनवर ती डीप किंवा क्लिअर बेसमध्ये बनते, आणि त्यात टायटॅनियम कमी किंवा नसल्यासारखा असतो. त्यात हिरव्यासाठी सर्रास वापरलं जाणारं थॅलोसायनिन हिरवं रंगद्रव्य रंगाला जबरदस्त पण पारदर्शक. काचेला रंग दिल्यासारखं होतं. थर जिथे जाड तिथे गडद, जिथे पातळ तिथे फिका.

त्यामुळे ऑफव्हाइटमध्ये खपणाऱ्या चुका हिरव्यात खपत नाहीत. पहिली चूक जास्त पाणी. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, मापाने, आणि प्रत्येक डब्यात सारखं. ‘ब्रश हलका चालत नाही’ म्हणून ओतलेलं तांब्याभर पाणी म्हणजे थर पातळ आणि एक हात जास्त. दुसरी चूक पांढऱ्या प्रायमरवर सरळ हिरवा. प्रायमरमध्येच काळा टिंट (मिसळायचा घट्ट रंग) घालून तो करडा करून घ्या, हिरव्याच्या खोलीइतका. करड्या प्रायमरवर बहुतेक गडद हिरवे दोन, फार तर तीन हातांत भरतात.

तिसरी चूक हाताची, आणि ढग बहुधा तिथेच उठतात. रोलर ९ इंची, साधारण १० मिलिमीटर लवेचा घ्या. पट्टा तीन फूट रुंद धरा, छतापासून फरशीपर्यंत. आधी रंग पसरा, मग भरलेला रोलर न दाबता वरून खाली एकाच दिशेने हलका ओढत शेवटचा हात फिरवा. पुढचा पट्टा मागच्याची कड ओली असतानाच तिच्यावर चढला पाहिजे. कड वाळल्यावर चढवला तर तिथे दोन थर होतात आणि उभी रेघ कायमची दिसते. म्हणून कोपरे आणि छताची कड ब्रशने आधी सगळ्या खोलीत मारून ठेवू नका, एका भिंतीची कड मारा आणि लगेच ती भिंत रोलरने पुरी करा. नाहीतर भिंतीभोवती फोटोफ्रेमसारखी गडद चौकट उमटते. पंखा बंद. अर्धवट वाळलेल्या जागेवर ‘इथे राहिलं’ म्हणून रोलर परत फिरवायचा मोह आवरा, पुढच्या हातात ते भरतं.

तुमच्या भिंतीसाठी आता: पूर्ण वाळू द्या, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासा, धूळ पुसा आणि वरच्या पद्धतीने एक पूर्ण हात, एका माणसाने, मध्ये न थांबता. पॅच मारून ढग जात नाहीत, वाढतात.

प्रश्न: नव्या प्लास्टरवर पोपटी हिरवा लावला. दोन महिन्यांत जागोजाग निळसर-पांढुरके डाग पडले. त्याच वेळी लावलेला ऑफव्हाइट ठीक आहे.

ओलं सिमेंट प्लास्टर कडक क्षारी असतं, पी.एच. १२ ते १३. पोपटी हिरव्यातला ताजेपणा बऱ्याचदा सेंद्रिय पिवळ्या रंगद्रव्यातून येतो, आणि त्यातली काही क्षार सोसत नाहीत. पिवळा मेला की मागे निळसर हिरवा उरतो, तेच तुमचे डाग. ऑफव्हाइटमधली झाक आयर्न ऑक्साइडची असते, त्याला क्षाराने काही होत नाही. भिंत दोन्हीकडे ओलीच होती, एकीने सांगितलं, दुसरीने लपवलं.

डाग हाताला पावडरीसारखे लागत असतील तर ते भिंतीतून पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार आहेत. ते कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलेत तर विरघळून परत आत जातील आणि पुन्हा बाहेर येतील.

नवं प्लास्टर निदान २८ दिवस वाळायला हवं, दमट हवेत त्याहून जास्त. तारखेवर विसंबू नका, तपासा. दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि २४ तासांनी बघा. आतून थेंब दिसले किंवा प्लास्टर काळवंडलं तर थांबा. पी.एच. कागद मिळाला तर भिंत डिस्टिल्ड पाण्याने ओली करून लावा, १० च्या वर आला तर अजून वेळ आहे. त्यानंतर क्षाररोधक प्रायमर. आणि हिरवा पुन्हा करून घेताना दुकानात सांगा की पिवळ्यासाठी आयर्न ऑक्साइड आणि हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड वापरून शेड जुळते का बघा. दोन्ही क्षारात आणि उन्हात टिकतात. शेड पोपटी राहणार नाही, थोडी मातकट होईल. ते मान्य करावंच लागेल.

प्रश्न: भिंतीचा ऑफव्हाइट तसाच आहे, पण त्याच शेडचे ऑइलपेंट लावलेले दरवाजे पिवळे पडले. कपाटामागचा भाग तर जास्तच.

तेलाच्या इनॅमलमधली राळ हवेतल्या प्राणवायूने वाळते आणि पुढेही हळूहळू पिवळी होत राहते. उजेडात हा पिवळेपणा थोडा परत विरतो, अंधारात साचतो, म्हणून कपाटामागे जास्त. हिरव्या दरवाजावरही हेच होतं, फक्त दिसत नाही. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक इनॅमल असं पिवळं पडत नाही. जुन्यावर ते धरावं म्हणून चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, पुसा, चिकटणारा प्रायमर एक हात, मग दोन हात.

प्रश्न: हिरव्या रंगात पूर्वी विष असायचं म्हणतात. जुन्या घराची हिरवी भिंत खरवडायची आहे.

खरं आहे. कार्ल विल्हेल्म शीले यांनी १७७५ मध्ये बनवलेला हिरवा आणि १८१४ पासून जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला तयार होऊ लागलेला पाचूसारखा हिरवा, दोन्हींत तांबं आणि आर्सेनिक होतं. एकोणिसाव्या शतकात ते भिंतीच्या कागदांवर खूप वापरले गेले. आज घरगुती रंगात ते नसतात.

पण जुन्या घरात आम्हाला जास्त काळजी वाटते ती पांढऱ्या आणि ऑफव्हाइट ऑइलपेंटची. टायटॅनियम रुळण्याआधी पांढरा रंग म्हणजे मुख्यतः शिशाचा पांढरा, आणि तेलाचा रंग लवकर वाळवण्यासाठी शिशाचे क्षार नंतरही बरीच वर्षं वापरात होते. म्हणून जुना तेलाचा रंग, कुठल्याही छटेचा, कोरडा घासू नका आणि जाळूनही काढू नका. ओला करून खरवडा, बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत. खपल्या ओल्या फडक्याने गोळा करा, झाडूने उडवू नका.

प्रश्न: एक भिंत हिरवी, बाकी ऑफव्हाइट केली. कोपऱ्यातली रेघ वाकडी दिसते, टेप लावूनही हिरवा पलीकडे झिरपला.

आधी ऑफव्हाइट पूर्ण करा आणि कोपरा वळवून हिरव्या भिंतीवर इंचभर येऊ द्या. एक दिवस वाळू द्या. कोपरा सहसा सरळ नसतो, पुट्टीने तो लाटेसारखा झालेला असतो, म्हणून टेप कोपऱ्याच्या खाचेत न लावता ओळंबा किंवा लेझर धरून खाचेपासून दोन-तीन मिलिमीटर हिरव्या भिंतीवर लावा. डोळ्याला सरळ रेघ दिसते, कोपरा दिसत नाही. टेपची कड नखाने नाही, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट दाबा.

आता मुख्य युक्ती. टेपच्या कडेवरून हिरवा नाही, ऑफव्हाइटच पातळ मारा. जे काही झिरपायचं ते ऑफव्हाइट झिरपेल, खालच्या ऑफव्हाइटवर दिसणार नाही आणि फट बुजेल. तासाभराने हिरवा. दुसरा हात ओला असतानाच टेप ४५ अंशात, सावकाश, स्वतःवर उलटी दुमडत काढा. वाळल्यावर काढलीत तर रंगाची कातडी टेपबरोबर सोलते. तसं झालंच तर कडेवर धारदार ब्लेड फिरवून मग काढा.

प्रश्न: कुठला रंग लवकर मळतो?

हाताचे डाग ऑफव्हाइटवर, धूळ आणि ओरखडे गडद हिरव्यावर. मध्यम करडट हिरवा दोन्ही सर्वात जास्त लपवतो, म्हणून जिना, बोळ आणि मुलांच्या खोलीसाठी आम्ही तोच सुचवतो. गडद मॅट हिरव्यावर मात्र डाग घासून पुसू नका. घासलेली जागा चकाकायला लागते आणि तो चकाकणारा डाग धुऊन जात नाही.

प्रश्न: बाथरूमच्या दाराजवळ हिरव्या भिंतीवर तपकिरी, चिकट ओघळ आलेत. ओल आहे का?

बहुधा नाही. गडद शेडमध्ये टिंट जास्त पडतो आणि टिंटबरोबर साबणासारखी मिसळद्रव्यंही. रंग पक्का होण्याआधी वाफ लागली की ती बाहेर येतात. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा, दोन-तीनदा होईल आणि थांबेल. ऑफव्हाइटमध्ये टिंटच थेंबभर असतो, म्हणून तिथे हे सहसा दिसत नाही. नवा रंग दिल्यावर आठवडाभर तरी तिथे वाफ होऊ देऊ नका. ओघळ खालून वर, फरशीकडून चढताना दिसले किंवा पोपडे सुटले तर मात्र ती ओल आहे.

प्रश्न: अभ्यासाच्या खोलीला हिरवा दिला की डोळ्यांना विश्रांती मिळते?

हा समज मुख्यतः शस्त्रक्रियेच्या खोल्यांवरून आला असावा. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीत पांढऱ्याऐवजी पालकासारखा हिरवा आणला. कारण नेमकं होतं: रक्ताच्या तांबड्याकडे एकटक बघून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की डोळ्यासमोर हिरवट सावली तरळते, आणि पांढऱ्याचा चकचकाटही होतो. हिरव्या भिंतीवर ती सावली विरून जाते. पुस्तक वाचणाऱ्याला ही अडचण नाही. डोळे थकतात ते कॉम्प्युटरचा पडदा प्रखर आणि मागची भिंत काळोखी, अशा टोकाच्या फरकाने. टेबलासमोरची भिंत एल.आर.व्ही. ५० ते ७० मधली, मॅट असू द्या. हिरवी की ऑफव्हाइट, हे आवडीवर सोडा.

प्रश्न: किती रंग आणावा?

पहिल्या प्रश्नातलाच हॉल घेऊ: १२ बाय १५, उंची १० फूट. घेर ५४ फूट, भिंती ५४० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता ५०० धरा. गुळगुळीत, प्रायमर दिलेल्या भिंतीवर लिटरभर इमल्शन एका हाताला १२० चौरस फुटांच्या आसपास जातं. ऑफव्हाइटच्या दोन हातांना सव्वाआठ-साडेआठ लिटर, गडद हिरव्याच्या तीन हातांना साडेबारा. वर एक लिटर जास्त ठेवा. सगळे डबे एकाच दिवशी, एकाच मशीनवरून करून घ्या आणि रंग लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. दोन डब्यांतला किरकोळ फरक ऑफव्हाइटमध्ये लपतो, हिरव्या भिंतीच्या मधोमध दिसतो.

प्रश्न: गडद हिरव्याचा कंटाळा आला. परत ऑफव्हाइट करायचा तर किती हात?

मॅट असेल तर २२० ने घासा, चमकदार असेल तर आधी १८० ने चकाकी मारा. पुसून पांढऱ्या, झाकणाऱ्या प्रायमरचे दोन हात, मग ऑफव्हाइटचे दोन. प्रायमर वाचवून ऑफव्हाइटचेच चार हात मारायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. झाकायची ताकद असूनही तिसऱ्या हातापर्यंत खालचा हिरवा भिंतीला थंड, हिरवट झाक देत राहतो. पुरेसं झालं की नाही हे रात्री बघा: दिवा भिंतीजवळ तिरका धरा आणि शेजारी नमुन्याचा फळा ठेवा. फळा आणि भिंत सारखी दिसली की थांबा. म्हणून तो फळा फेकू नका, मागे शेडचा कोड आणि तारीख लिहून कपाटाच्या वर ठेवून द्या.